इंगोले बाई आणि ‘सॉल्ट अवे’

फोन पायलचा होता. सकाळचे पावणेसहा झाले होते आणि शेलूबाजारच्या माझ्या खोलीत मी चहाचं आधण ठेवत होते. पायल ही मानोऱ्याला इंगोले बाईंकडे राहून नववीत शिकणारी मुलगी. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. ती एवढंच म्हणाली, “दीदी, बाई उठून नाही राह्यल्या.” मी म्हणाले, “हलवून पाह्य.” ती म्हणाली, “पाह्यलं. हात गार आहे.”  मग फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही... त्यातून मला बाईंच्या मोरीतला नळ थेंब थेंब गळताना ऐकू येत होता.

मंगरूळपीरला गाडी बदलून मी मानोऱ्याला पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. त्यात शाळेतले जुने शिक्षक होते, बाईंचा वाशिमचा भाचा होता, आणि आमच्या तांड्यावरच्या बायका होत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कोणाशी बोलत नव्हत्या. माझी आई, जिला आम्ही आमच्या बोलीत याडी म्हणतो, त्यांच्यात होती. मला पाहून ती उठली नाही. फक्त सरकून तिनं जागा केली.

याला आता तीन आठवडे होऊन गेले. शोकसभेत बाईंबद्दल पुष्कळ बोललं गेलं. आदर्श शिक्षिका, तळमळ, सेवा... त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण ऐकताना मला वाटत राहिलं की ह्या शब्दांना बाईंनी लाल पेनानं गोल केला असता आणि विचारलं असतं, “म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?” ते नेमकं काय, तेवढंच मला इथं सांगायचं आहे. बाईंची आणि माझी गाठ इंग्रजीच्या दोन शब्दांनी बांधली गेली. सॉल्ट अवे.

मी तेव्हा मानोऱ्याच्या शाळेत आठवीत होते. याडीचा दहा बायकांचा बचतगट होता. आसपासच्या बागांतली गळालेली, डाग पडलेली लिंबं आणायची, चार चिरा द्यायच्या, खडेमीठ भरायचं आणि मोठ्या ड्रमात मुरत घालायची. ती वसतिगृहांच्या खानावळींत जात, वाशिमचा एक लोणचंवाला नेई. ग्रामपंचायतीची एक रिकामी खोली त्यांना वापरायला मिळाली होती, आणि तालुक्याच्या एका योजनेतून ड्रम आणि काही लिंबं. आदल्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या मॅडम हे काम पाहायला आल्या, दोन दिवस राहिल्या, आमच्या घरी भाकर खाऊन गेल्या आणि त्यांनी इंग्रजीत अहवाल लिहिला. तो कुठून कुठून फिरत तालुक्याच्या कार्यालयात पोचला. एके दिवशी तिथला शिपाई मोटरसायकलवर आला, खोलीला कुलूप घातलं आणि दारावर नोटीस चिकटवून गेला. गटाच्या महिलांनी हंगामातली बहुतेक लिंबं लपवून ठेवल्याचे अहवालावरून दिसते, तरी आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असा मजकूर होता.

तो कागद सगळ्यांत आधी वाचला तो तांड्यातल्या लोकांनी नाही, रस्त्यानं जाणाऱ्या लोकांनी. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात बोलणं पोचलं होतं. आमच्या लोकांना चोर म्हणायला कोणाला फार वेळ लागत नाही, हे मला तेराव्या वर्षीही कळत होतं. याडी दुसऱ्या दिवशी हातपंपावर सगळ्यांच्या आधी, अंधारातच जाऊन आली. आणि आत खोलीत नऊ ड्रम होते, नुकतेच भरलेले. पहिले काही आठवडे लिंबं रोज खालीवर करावी लागतात. वरची कोरडी राहिली की त्यांना बुरशी धरते. बायका खिडकीच्या गजांतून आत पाहून परत येत होत्या.

नोटिशीला अहवालाच्या एका पानाची झेरॉक्स टाचलेली होती. त्यात एका ओळीखाली रेघ मारली होती. मला त्या ओळीतले सगळे शब्द येत होते, बायका, लिंबं, हंगाम. पण मधल्या दोन शब्दांपाशी मी अडत होते. सॉल्ट म्हणजे मीठ, अवे म्हणजे दूर. मीठ दूर केलं? ह्यात चोरी कुठं आली? मी ते पान दप्तरात घालून शाळेत नेलं आणि इंग्रजीच्या तासानंतर बाईंसमोर धरलं.

इंगोले बाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरी किंवा फिकी निळी साडी, जाड भिंगांचा चष्मा. आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प बसायचा. लग्न केलेलं नव्हतं. त्यांनी ती ओळ वाचली, मग आधीची वाचली, मग नंतरची. मग पान उलटून पाहिलं, मागे काही आहे का. म्हणाल्या, “ह्याचा एक अर्थ मला माहीत आहे. तो चांगला नाही. पण तेवढा एकच आहे का, ते मला माहीत नाही. उद्या सांगते.”

खरं सांगायचं तर मी हिरमुसले. इंग्रजीच्या बाईंना इंग्रजी येत नाही, हे मला पटत नव्हतं. आमचे बाकीचे शिक्षक कशाचाही अर्थ जागच्या जागी सांगायचे.

बाई अशा का होत्या, ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांचं गाव रिठद. आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. वस्तीत इंग्रजी अक्षरं वाचणारी ही पहिली मुलगी, त्यामुळे फवारणीच्या औषधाची बाटली कोणी आणली की तिच्यापुढे धरायचे, “वाच वं, काय लिहेल हाये.” ती नववीत असताना शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसानं अशीच बाटली आणली. तिनं वाचलं आणि सांगितलं. त्यातला ‘नको’ अशा अर्थाचा एक बारीक शब्द तिच्या नजरेतून सुटला. चार दिवसांत त्याचं भाजीचं वावर वाळून गेलं. तो रागावला नाही. उलट पुढच्या हंगामात दुसरी बाटली घेऊन तिच्याकडेच आला. “ते मला सहन झालं नाही,” बाई मला म्हणाल्या होत्या. “त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते.” तेव्हापासून खात्री झाल्याशिवाय त्यांनी कोणाला एकही अर्थ सांगितला नाही. चाळीस वर्षं...

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी वाशिमची बस धरली. रात्री भावाकडे मुक्काम केला. तिथल्या एका प्राध्यापकांच्या घरी मोठाले शब्दकोश होते. ते उघडून त्यांनी हातानं उतारे काढले आणि सकाळच्या बसनं थेट शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत मला बोलावून त्यांनी चार फुलस्केप कागद पसरले. फक्त दोन शब्द, आणि त्यांच्यासाठी चार कागद. मी पाहतच राहिले.

त्यांनी सांगितलं ते मला आजही तसंच आठवतं. हा ‘अवे’ दूर लोटणारा नाही, बाजूला नीट ठेवणारा आहे. इंग्रजांच्या देशात हिवाळ्यात काही पिकायचं नाही, म्हणून लोक मांस, मासळी मिठात घालून ठेवायचे. तो ह्या शब्दांचा पहिला अर्थ, मीठ लावून टिकवणं. मग जे जे पुढच्या दिवसांसाठी बाजूला ठेवायचं त्या सगळ्याला लोक तेच म्हणू लागले, मीठ असो वा नसो. तो दुसरा. आणि बाजूला ठेवलेलं दुसऱ्याला दिसू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्यामुळे तिसरा आला, गुपचूप दडवणं, कधीकधी लबाडीनं. “आजकाल हा तिसराच जास्त चालतो,” बाई म्हणाल्या. “कार्यालयानं तोच धरला. आता त्या मॅडमनी कोणता लिहिला, ते पुस्तकात नाही सापडणार. मला तांड्यावर घेऊन चल.”

त्या आल्या तेव्हा बायका आधी गप्पच होत्या. कागद हातात असलेल्या बाईमाणसाची त्यांनी धास्ती घेतली होती. बाई ओट्यावर बसल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, “मला लिंबाचं काही येत नाही असं धरा. तुम्ही काय करता ते पहिल्यापासून सांगा.” हळूहळू एकेक जण बोलू लागली. चिरा कशा द्यायच्या, मीठ किती. याडी म्हणाली, “मीठ कमी पडलं त लिंबू सडते, जास्त पडलं त कोणी तोंडात नाही घेत.” कोणी खारवणं म्हणे, कोणी मुरवणं, कोणी मुरत घालणं. बाई प्रत्येक शब्द लिहून घेत होत्या आणि विचारत होत्या, “खारवणं आणि मुरवणं एकच का?” बायकांत त्यावरून वाद लागला. बऱ्याच वेळानं ठरलं की खारवतो तो माणूस, आणि मुरते ते लिंबू आपलं आपण. बाईंचा चेहरा असा काही उजळला... जणू त्यांना कोणी बक्षीस दिलं होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, “आणि लपवता?”

 याडी म्हणाली, “कोनापासून लपवाव, बाई? वास त सडकेपर्यंत येते.”

बाई हसल्या आणि तेही वाक्य त्यांनी वहीत उतरवलं. निघताना त्या बंद खोलीच्या खिडकीच्या गजांना नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

नोटीस लागल्याच्या सहाव्या दिवशी बाई रजा टाकून कार्यालयात गेल्या. सोबत याडी आणि मी. साहेब तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. याडी उभी होती म्हणून बाई बसल्या नाहीत. मग त्यांनी आणखी एक खुर्ची मागवली. बाईंनी ते झेरॉक्सचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. साहेबांनी वाचली आणि मोबाइल पुढे केला. “हे पाहा मॅडम, मी स्वतः टाकून पाह्यलं. गुप्तपणे साठवणे. माझ्या मनचं नाही लिहिलं.”

“मोबाइल खोटं सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “पण तो एवढंच सांगतो.” आणि त्यांनी चारही कागद टेबलावर मांडले.

साहेबांनी वाचले. शांतपणे वाचले, हे मला कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, “बरोबर आहे. पण तुम्हीच म्हणता दोन्ही अर्थ आहेत. मंग मी कोणता धरू?”

 मला वाटलं होतं बाई म्हणतील, पहिलाच धरा, मी शिकवते इंग्रजी. बाई म्हणाल्या, “ते मी नाही सांगू शकत. पुस्तक इथपर्यंतच आणून सोडतं. पुढं पाहायला जावं लागतं. किल्ली तुमच्याजवळ आहे.”

 साहेबांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली.

कुलूप उघडलं तेव्हा आतून आंबट, खारट, कुबट असा एकत्र वास अंगावर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बायका त्यांच्या बाजूनं आत शिरल्या आणि झाकणं काढू लागल्या. सात ड्रम ठीक होते. दोहोंमध्ये वर पांढरी हिरवी साय धरली होती. याडीनं कोपरापर्यंत हात घालून खालची लिंबं वर काढली, वास घेतला आणि मान हलवली. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला होता. ते बाईंकडे वळून म्हणाले, “चूक झाली, मॅडम.” बाई म्हणाल्या, “मला नका सांगू.” मग ते याडीकडे वळले. याडीचा हात अजून ड्रमातच होता. तिला माफी मागणारा साहेब कसा ऐकायचा ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, “जाऊ द्या न, साहेब. बसा.”

बाईंनी मात्र जाऊ दिलं नाही. जिथं पहिला कागद लागला तिथंच दुसरा लागला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी तिथंच बसून हातानं लिहिलं की, ह्या महिला हंगामातील लिंबे साठवून ठेवतात, आधीची नोटीस मागे घेण्यात येत आहे. बाईंनी वाचलं आणि ‘साठवून ठेवतात’ वर बोट ठेवलं. “इथं खारवून टिकवतात असं पाहिजे. साठवणाऱ्याला हात नाही लावावा लागत.” साहेबांनी शब्द खोडून नवा लिहिला. एका शब्दासाठी माणूस एवढा अडून बसू शकतो, आणि समोरचा ऐकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तोवर मला वाटायचं, शब्द परीक्षेसाठी असतात.

दुपारी याडीनं बाईंना घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर तिनं दार लोटून घेतलं, चुलीमागचं मिठाचं मडकं पुढे ओढलं आणि खड्यांत हात घालून प्लास्टिकची एक पिशवी काढली. त्यात वाशिमच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं पत्र होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींना हंगामापुरतं ठेवून घेणारं. शाळेनं माझ्यासाठी अर्ज केला होता. माझे वडील, आमचा बा, नको म्हणाला होता. त्यानं पत्राचं विचारलं तेव्हा याडीनं हरवलं म्हणून सांगितलं आणि इथं ठेवलं. “मिठाच्या मडक्यात माह्याशिवाय कोनाचा हात नाही जात,” ती बाईंना म्हणाली. “त्या साहेबाचं खोटं नोयतं, बाई. मी लपवलं. पन हे लपवलं.”

बाईंनी पत्र उलगडलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते, म्हणून तारीख मलाही दिसली. हजर राहायची शेवटची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. याडीला वाचता येत नव्हतं. ती योग्य वेळेची वाट पाहत होती, बाचं मन थोडं वळेल त्या दिवसाची. तिनं विचारलं, “खराब त नाही झालं न?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग पत्र होतं तसं घडी करून म्हणाल्या, “कागद चांगला राहिला. एक डाग नाही. हा आता माझ्याजवळ राहू द्या, आणि पोरीला माझ्याकडे पाठवा.”

जो माणूस अर्थ सांगताना एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नव्हता, तो त्या दिवशी अर्धं सांगून थांबला. मी तेव्हा घाबरले होते, नंतर कितीतरी वर्षं ह्या गोष्टीचा विचार करत राहिले. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. कागद खरंच चांगला होता.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक लागायच्या आदल्या दिवशी बा बाईंच्या घरी आला. मी दप्तर आणि दोन कपडे घेऊन तिथं पोचले होते. तो आत आला नाही. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, “बाई, पोरीले घ्याले आलो.” बाईंनी विचारलं, “काहून?” तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. म्हणाला, “आमी दोघं पहाटपासून फडात राह्यतो. लहानी चार वर्साची हाये. तिले कोन पाहीन? मागल्या साली एका कोप्यात इस्तवाजवळ लेकरू गेलं न, बाई. मले काय शाळेचं वाकडं हाये?”

मी बाचं हे कधीच ऐकलं नव्हतं. घरी तो फक्त नाही म्हणायचा. ऊसतोडीच्या त्या पालांत चुलीजवळ लहान मुलं एकटी राहतात, हे मला ठाऊक होतं, कारण मागच्या दोन हंगामांत लहानीला सांभाळणं माझंच काम होतं.

 बाई म्हणाल्या, “मग लहानीलाही इथंच ठेवा.”

बाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. “अंगणवाडी समोरच आहे. मी शाळेत असेन तेव्हा ती तिथं राहील. मला लेकरांची सवय नाही, पण ही शिकवेल मला.” ही म्हणजे मी. बा खाली पाहत राहिला. त्याच्या खांद्यावर माझ्यासाठी आणलेली घोंगडी होती, ट्रकमध्ये थंडी लागते म्हणून. त्यानं ती काढून उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघायच्या आधी याडी माझ्या लहान बहिणीला, राणीला, आणून सोडून गेली.

पाच महिने. चोपन्न वर्षांची एकटी राहणारी बाई, जिच्या घरात दोनच ताटं होती, तिच्या घरात एकदम आम्ही दोघी. पहिले आठ दिवस राणी रोज संध्याकाळी रडायची, आणि रडायची ती आमच्या बोलीत. बाईंना ते कळायचं नाही. त्या वही घेऊन माझ्यापाशी यायच्या. “ती आत्ता काय म्हणाली? त्याला दुसरा काही अर्थ आहे का?” महिन्याभरात त्या राणीशी आमच्या बोलीत तोडकंमोडकं बोलू लागल्या आणि राणी त्यांच्या चुका काढून खिदळू लागली. माझ्या बोलीची कोणी वही केलेली मी तोवर पाहिली नव्हती. वर्गात मी ती तोंडातून निसटू नये म्हणून जपायचे. बाईंनी तिच्यासाठीही तेवढेच कागद वापरले, जेवढे इंग्रजीसाठी.

फाल्गुनात याडी आणि बा परतले. राणी आधी बाईंच्या मागे लपली, मग याडीकडे गेली. मी त्या वर्षी आठवी पास झाले, पुढच्या हंगामातही बाईंकडेच राहिले, त्याच्या पुढेही. माझ्यानंतर दुसऱ्या तांड्यांवरून मुली येत गेल्या, कधी एक, कधी तिघी. बाई निवृत्त झाल्या, तरी ते थांबलं नाही. मी इंग्रजीत पदवी घेतली, शिक्षिका झाले. नोकरीचा कागद घेऊन मी पहिल्यांदा बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी तो वाचला आणि एका वाक्यातली चूक दाखवली. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चूक त्यांची आहे, तुझी नाही.”

वसतिगृहाच्या त्या तारखेबद्दल आम्ही दोघी अकरा वर्षांत एकदाही बोललो नाही. आता हे छापून येणार, कोणीतरी याडीला वाचून दाखवणार, म्हणून मागच्या रविवारी मी तांड्यावर गेले आणि तिला सांगितलं. मुदत आधीच गेली होती, बाईंनी ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. याडी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं सगळं मागेपुढे जुळवलं असावं... ते पत्र, आमचं जाणं, राणी. ती म्हणाली, “मंग मी त उशीर केला होता.” मी म्हणाले, “हो.” ती म्हणाली, “आन् तिनं मले ते कळू नाही देल्लं. एवढी वर्सं आपल्याजवळच ठेवलं.” मग ती उठून आत गेली. मी मागे गेले नाही.

बाईंचा भाचा भला माणूस आहे. दिवस झाल्यावर घराला कुलूप लावायचं त्याच्या मनात होतं. मी त्याला म्हटलं, पायलची परीक्षा होऊ द्या. त्यानं लगेच किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी इथंच राहते आणि दोन गाड्या बदलून शेलूबाजारच्या शाळेत जाते. हे लिहिते आहे तेही बाईंच्या खोलीत. इथं आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मागच्या दाराची कडी वाजली म्हणून मी दचकून उठले. पायल दार उघडत होती. विचारलं तर म्हणाली, “बाई रोज उघडत होत्या अन् इथं बसत होत्या. थंड हवा अंदर आली की मले जाग येत जाय.”

“अन् आता तू काहून उघडते? तू तर उठलीच आहेस.”

तिनं थोडा विचार केला. “उठते खरी दीदी. पन हे उघडलं नाही त जाग आल्यासारखं नाही वाटत.”

बाहेर अजून अंधारच होता आणि हवा खरोखरच गार होती. पायल इतिहासाचं पुस्तक घेऊन दारातच बसली, चौकटीला चिकटून, अंग चोरून. मी पाहत होते. दार चांगलं रुंद आहे, तिला ऐसपैस बसता आलं असतं. ती एका कडेला बसली होती आणि शेजारी एका माणसापुरती जागा तिनं सोडली होती.